एक्सल हबमध्ये अडकला की गाडी रात्रभर का ठेवून घेतो

मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, सँट्रो, इंडिका या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद नेतात ते दोन एक्सल, दोन बाजूंना एकेक. (ओम्नी-ईकोची ताकद मागच्या चाकांना जाते. त्यांच्या मालकांनी हे पत्रक शेजाऱ्याला दिलं तरी चालेल.)

वळताना पुढून कटकट आवाज आला की एक्सलचा जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा) गेला समजा. सुरुवात बहुधा त्यावरच्या रबरी बुटापासून (ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण) होते. आपल्या वैशाखाच्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं, ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि मृग लागला की पांदणीचा काळा चिखल थेट जॉइंटमध्ये. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, पण आवाज नाही, तर तेव्हाच गाडी दाखवा. नवा बूट आणि ग्रीस यावर भागतं. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

दोन्ही कामांत एक्सल बाहेर काढावा लागतो, आणि खरी अडचण तिथे येते. एक्सलचं टोक दात्यांचं असतं, ते हबच्या (ज्यावर चाक बसतं तो भाग) दात्यांत घट्ट बसतं आणि बाहेरून नटने आवळलेलं असतं. लोखंडात लोखंड. काळी माती ओल धरून ठेवते, ओल दात्यांत शिरते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे फट उरतच नाही. दहा-बारा वर्षं न उघडलेला एक्सल मग हबचाच भाग होऊन बसतो.

अशा वेळी गिऱ्हाईक म्हणतं, "मारा न भाऊ दोन घण, कसा निघत नाही ते पायतो!" घण आमच्याकडेही आहे. पण उघड्या टोकावर घण बसला की टोक फुलतं, आटे जातात, आणि मग तो एक्सल हबमधून सरळ निघतच नाही. शिवाय प्रत्येक घाव बेअरिंगला लागतो. म्हणून आधी नटची आत ठोकलेली कड छन्नीने उचलतो (काही गाड्यांत त्याऐवजी कॉटर पिन असते), नट सैल करून टोकाच्या पातळीला आणतो, दात्यांत गंज सोडवणारं तेल सोडतो आणि रात्रभर मुरू देतो. सकाळी हबच्या बोल्टवर पुलर (स्क्रूने दाब देणारं हत्यार) बसवून एक्सल आत ढकलतो. ताण देऊन थांबायचं, परत तेल, परत ताण. निघताना 'टक्' असा आवाज येतो, तो ऐकला की पोरं चहा सांगतात. गॅसने तापवणं शेवटचा उपाय. त्यात बेअरिंगचं सील आणि ग्रीस जळतं, त्यामुळे तुम्हाला विचारल्याशिवाय तापवत नाही.

दुसरं टोक गिअरबॉक्समध्ये सर्कलिपवर (खाचेत बसणारी, तोंड उघडी असलेली तारेची कडी) अडकलेलं असतं. तिथे एक्सलचा दांडा धरून ओढायचा नाही. आतला जॉइंट सुटतो आणि बूट फाटतो. गिअर ऑइल काढून घेतो, जॉइंटची वाटी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) लावून झटका देतो. नाही निघालं तर एक्सल थोडा फिरवून परत. सर्कलिपचं तोंड दुसरीकडे गेलं की बरेचदा सुटतो. ऑइल सील, सर्कलिप आणि ठोकून बसवायचा नट आम्ही नवेच टाकतो. जुनं सील वाचवण्यात फार तर चार पैसे वाचतील, आणि महिन्याभरात गिअर ऑइल अंगणात दिसेल.

त्यामुळे अंदाज दोन देतो: एक्सल नीट निघाला तर किती, आणि हब-बेअरिंगसकट गेला तर किती. दुसऱ्यावर जायच्या आधी फोन करतो. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत देतो, तुम्ही बघा. बसवताना दात्यांवर ग्रीसचा पातळ हात मारतो, म्हणजे पुढच्या खेपेला इतकं रडवणार नाही.

गावातच कोणी नट काढून पाहिला असेल तर गाडी चालवत किंवा ट्रॅक्टरला बांधून ओढत आणू नका. बऱ्याच गाड्यांत त्या नटच्या आवळण्यावरच चाकाचं बेअरिंग धरलेलं असतं. सैल नटवर थोडं अंतर गेलं तरी ते खराब होऊ शकतं. पिकअपमध्ये घालून आणा. आणि घरी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नका.

गाडी शक्यतो संध्याकाळी आणा. बाजाराच्या दिवशी मात्र आणू नका, त्या दिवशी आत उभी करायला जागा नसते.