फ्लोरिन

इटलीतील फ्लोरेन्स नगरराज्याने 1252 पासून पाडलेले सोन्याचे नाणे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने 24 कॅरटचे, आठ नाण्यांचा एक औंस. एका बाजूला शहराचे चिन्ह असलेले लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूला शहराचा रक्षक संत बाप्तिस्मा करणारा योहान. राजाची छबी कुठेच नाही, आणि या नाण्याचे राजकारण नेमके तिथे आहे.

सोन्याचे नाणे पाडणे हा सम्राटाचा हक्क मानला जाई. पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1231 मध्ये ब्रिंदिसी व मेसिनाच्या टांकसाळींतून स्वतःच्या छबीचे ‘ऑगस्टाले’ काढले होते. डिसेंबर 1250 मध्ये तो वारला आणि सम्राटपद रिकामे पडले. त्याच्या दोनच महिने आधी फ्लोरेन्समध्ये त्याच्या बाजूच्या सरदारांना हटवून व्यापारी-कारागिरांनी कारभार हाती घेतला होता. फ्लोरिन या सरकारचा. जेनोआनेही त्याच साली आपले ‘जेनोव्हिनो’ काढले. सोने मुख्यतः उत्तर आफ्रिकेच्या व्यापारातून येई.

फ्लोरेन्सचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी एक किस्सा सांगतो. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिसच्या राजाने फ्लोरिन पाहून पिसा या फ्लोरेन्सच्या प्रतिस्पर्धी बंदरशहराच्या व्यापाऱ्यांना विचारले, हे फ्लोरेन्सवाले कोण? ‘आमच्याकडचे आतल्या मुलखातले अरब,’ असे ते म्हणाले. राजा म्हणाला, हे काही अरबांचे नाणे दिसत नाही. तुमचे सोन्याचे नाणे कोणते? पिसावाल्यांकडे उत्तर नव्हते. व्हिल्लानी स्वतः फ्लोरेन्सचा, टांकसाळीचा अधिकारीही होता, तेव्हा किस्सा थोडा रंगवलेला असणार.

गावात मात्र या नाण्याची दुसरी बाजू होती. सुरुवातीला एक फ्लोरिन म्हणजे एक लिरा, अर्थात 20 सोल्दी. मोठे व्यापारी हिशेब फ्लोरिनमध्ये ठेवत, लोकर कामगारांची मजुरी हलक्या चांदीच्या चिल्लरीत चुकवत. फ्लोरिनचा कस कायम राहिला, चिल्लर हिणकस होत गेली. 1500 च्या सुमारास एका फ्लोरिनला सात लिरा पडत. माल सोन्यात विकून मजुरी चिल्लरीत देणाऱ्याला हे सोयीचेच होते.

व्हेनिसने 1284 मध्ये त्याच तोडीचे ‘डुकाट’ काढायचे ठरवले. त्यावर नगरप्रमुख डोज संत मार्कपुढे गुडघे टेकून निशाण स्वीकारतो. डोज बदलला की नाव बदले, चित्र नाही. 1797 मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत ते जवळपास तसेच राहिले. पुढे हेच नाणे व्यापारातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. महाराष्ट्रात त्याला ‘पुतळी’ म्हणत आणि पुतळ्यांच्या माळेत ते ओवले जाई.