ढलप्या भिजवून ठेवल्या की धूर जास्त येतो? नाही येत

ग्रिल पेटवायच्या आधी लाकडाच्या ढलप्या तासभर पाण्यात भिजवा, म्हणजे धूर भरपूर येतो आणि चव छान उतरते, हे कित्येक वर्षं जो तो सांगतोय. मीही तेच करायचो. मग एकदा रात्रभर भिजलेला आंब्याच्या लाकडाचा जाडसर तुकडा कोयत्याने उभा फोडला, तर वरचा पातळ थर ओला आणि आत चक्क कोरडं खणखणीत लाकूड! पाणी आत शिरतच नाही हो.

आणि जे थोडं वर बसतं ना, ते आधी उकळून उडून जावं लागतं, तोवर लाकूड १०० अंशांच्या वर फारसं जातच नाही, आणि चवीचा धूर यायला त्याला २०० च्या बरंच पुढे तापावं लागतं. म्हणजे सुरुवातीला जे पांढरं पांढरं दिसतं आणि आपण खूश होतो, ती बरीचशी नुसती वाफ असते. वर निखारे थंड पडतात ते वेगळंच.

धुराचा तो खमंग वास लाकडातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) तापून फुटतं त्यातून येतो, आणि त्यासाठी लाकूड नीट वाळलेलंच हवं. धूर विरळ, निळसर दिसला की मगच चिकन ठेवा, दाट पांढऱ्या धुरात ते कडवट होतं. ढलप्या भसकन पेटतात अशी भीती असेल तर झाकण लावून हवा कमी करा किंवा ढलप्यांऐवजी मुठीएवढे तुकडे वापरा. आणि रंग दिलेली फळी किंवा प्लायवूड अजिबात नको, त्याचा धूर विषारी असतो.