रात्रपाळी, झोप आणि पुरुषांचा कर्करोग : खान्देशातून पाहताना

रात्रीच्या जागरणाचा कर्करोगाशी संबंध असावा, ही शंका आधी बायकांच्या बाबतीत आली. १९५८ साली अमेरिकेत ॲरन लर्नर यांनी मेलॅटोनिन हे संप्रेरक वेगळे केले. अंधारात ते शरीरात वाढते, आणि प्रखर उजेड पडला की माणसातही ते दबते, हे १९८० मध्ये दिसले. त्यावरून, मेलॅटोनिन दबल्याने धोका वाढत असावा असे मानून, १९८७ मध्ये संशोधक रिचर्ड स्टीव्हन्स यांनी रात्रीचा उजेड आणि स्तनांचा कर्करोग यांची सांगड घातली. पुढची बरीच वर्षे अभ्यास झाले ते मुख्यतः परिचारिकांवर.

पुरुषांची पाळी उशिरा आली. २००६ मधला जपानी अभ्यास मला इथे सर्वात महत्त्वाचा वाटतो. कधी दिवसा, कधी रात्री अशा फिरत्या पाळीतल्या पुरुषांत प्रोस्टेटच्या (पुरुषांतल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाचा धोका दिवसपाळीवाल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. कायम रात्रपाळी करणाऱ्यांत मात्र तशी ठळक वाढ दिसली नाही. २०१३ मध्ये आइसलँडमधल्या वयस्क पुरुषांत, झोप लागायला किंवा टिकायला त्रास असणाऱ्यांत हाच धोका वाढलेला आढळला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि २०१९ मध्ये पुन्हा, रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले. म्हणजे प्राण्यांतला पुरावा पुरेसा, माणसांतला मर्यादित.

भुसावळला रेल्वे आणि दीपनगरला वीज केंद्र असल्याने आपल्याकडे रात्रपाळी घरोघरी माहीत आहे. तिथल्या कामगारांच्या पाळीची निदान हजेरीवर नोंद तरी होते. शेतकऱ्याच्या रात्रीची कुठेच होत नाही. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, म्हणजे ही फिरती पाळीच. रब्बीत गव्हाला, मक्याला बारे (पाणी) द्यायला माणूस रात्री बॅटरी घेऊन वावरात जातो. मध्येच फेज गेला की मोटारीजवळ बसून राहतो. डोळा लागू नये म्हणून तंबाखू-चुना मळतो, दाढेत धरतो. सकाळी गुरांचे दूध काढायचेच असते.

इथेच गुंता आहे. तोंडात धरायच्या तंबाखूने कर्करोग होतो, हे 'बहुधा' नव्हे, सिद्ध आहे; भारतीय पुरुषांत तोंडाचाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. संशोधक जागरणाचा परिणाम तपासताना तंबाखूचा परिणाम वजा करतात. शास्त्राला ते आवश्यकच आहे. पण वावरात ही दोन्ही एकाच रात्री, एकाच कारणाने येतात, आणि म्हणून निव्वळ 'सवयी सुधारा' असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

दिवसा वीज द्यावी ही मागणी जुनी आहे. त्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. या मागणीची चर्चा विंचू-सापाच्या आणि बिबट्याच्या भीतीवरून होते, ती खरीच आहे. झोपेचा मुद्दाही त्या मागणीत असायला हवा. आणि दवाखान्यात केस पेपर काढताना 'तंबाखू खाता का' याच्यासोबत 'रात्री पाणी भरायला जाता का' हेही विचारले गेले पाहिजे.