जुन्या लिफ्टचं आधुनिकीकरण: सल्लागार कधी नेमायचा, परवानगी कोणाची, कागद कोणते?

लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. जाळीचा दरवाजा नीट लागला नाही की ती वरच अडकते आणि पाचव्या मजल्यावरच्या काकू खालून ओरडत बसतात. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेका घेतलेला) येतो, मान हलवतो, ‘पार्ट मिळत नाहीत, आता नवीनच टाका’ म्हणतो आणि आठवड्याभरात स्वतःचंच कोटेशन पाठवतो. आमच्या सोसायटीत अगदी असंच झालं. कमिटीनं तीन कोटेशनं मागवली. एकानं फक्त कंट्रोलर (लिफ्टला हुकूम देणारी विजेची पेटी) धरला होता, दुसऱ्यानं मशीनसकट सगळं, तिसऱ्यानं ‘आवश्यक ते काम’. अशा तीन आकड्यांची तुलना कशी करायची? म्हणून सल्लागार, म्हणजे स्वतः लिफ्ट न विकणारा लिफ्टतज्ज्ञ, कोटेशनांच्या आधी हवा, नंतर नाही.

पण त्याच्याही आधी ठराव हवा. आदर्श उपविधींनुसार (सरकारनं गृहनिर्माण सोसायट्यांसाठी दिलेल्या नमुना नियमांनुसार) कमिटीला एका वेळी स्वतःच्या अधिकारात खर्च करण्याची मर्यादा 25 सभासदांपर्यंत 25,000 रुपये, 26 ते 50 सभासदांना 50,000 आणि त्यापुढे एक लाख आहे. आधुनिकीकरणाचा खर्च यात बसत नाही. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते आणि गणपूर्ती (किमान हजेरी) दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी कमी असेल ती. तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी वेगळे असतील तर तेच धरा. सिंकिंग फंडाला (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीला) हात लावायचा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि हे मोठ्या दुरुस्तीचं काम आहे असा आर्किटेक्टचा दाखला, दोन्ही लागतात.

सभेत एक प्रश्न हमखास येतो: ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, आम्ही का द्यायचं?’ लिफ्टची देखभाल-दुरुस्ती आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर समान, कोण वापरतो आणि कोण नाही हे न बघता, असं आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलेलं आहे. फ्लॅट मोठा की लहान हाही मुद्दा नाही. तो कलम-परिच्छेद झेरॉक्स करून सभेला न्या, अर्धा तास वाचेल.

आता सल्लागार. त्याला विचारायचा पहिला प्रश्न असा: तुमचं कोणत्या लिफ्ट कंपनीशी किंवा ठेकेदाराशी कमिशनचं नातं आहे का? ‘नाही’ हे उत्तर करारात लेखी घ्या. फी ठरावीक रकमेत ठरवा, कामाच्या किमतीच्या टक्क्यांत नको. टक्क्यांत ठरली की काम महाग झालं तर त्याचाच फायदा. फीवर 18 टक्के जीएसटी धरायला विसरू नका. करारात पाहणी, लेखी अहवाल, निविदेचं तांत्रिक विवरण, आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता, कामावर देखरेख आणि शेवटची चाचणी हे सगळं हवं. निव्वळ ‘मार्गदर्शन’ असं लिहिलेलं पत्र घेऊ नका.

चांगला सल्लागार मशीनरूमच्या आधी पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, उतरतो. पिटची खोली, सर्वांत वरच्या मजल्यावरची मोकळी उंची आणि शाफ्टची (लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून फिरते तिची) रुंदी, यांवर काय शक्य आहे ते ठरतं. जाळीच्या जागी आपोआप उघडणारे दरवाजे बसवायचे म्हटले तर अरुंद शाफ्टमध्ये आत जायची वाट आणखी आखडते. व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर आत जाईल का हे टेप लावून बघितल्याशिवाय होकार देऊ नका. शिवाय नवे दरवाजे आणि स्टीलची केबिन म्हणजे वाढलेलं वजन. मग काउंटरवेटही, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन, पुन्हा जुळवावं लागतं. काउंटरवेट म्हणजे केबिनचं वजन, आणि त्यात पूर्ण भाराचे साधारण 40 ते 50 टक्के मिळवून येईल तितकं असतं. केबिन चकचकीत केली आणि काउंटरवेट तसंच ठेवलं तर मोटर आणि ब्रेक दोघंही रडतात. पैसे कमी असतील तर आधी दरवाज्यांची कुलपं, गव्हर्नर (वेग जास्त झाल्याचं ओळखणारं उपकरण), सेफ्टी गिअर (तेव्हा केबिनला पकडून थांबवणारा), दोर, कंट्रोलर आणि वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारं उपकरण. आरसा आणि ग्रॅनाइट मागाहून.

परवानगीचा भाग छोटा आहे, पण बहुतेक जण तो टाळतात. महाराष्ट्रात लिफ्टसाठी 2017 चा लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांचा कायदा आहे. त्याआधी 1939 चा होता. रोजची दुरुस्ती वेगळी. पण लिफ्टमध्ये भर घालायची किंवा फेरबदल करायचा तर विद्युत निरीक्षण विभागाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. काम अधिकृत लिफ्ट ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. अर्ज लिफ्टच्या मालकाच्या नावे जातो. जुन्या इमारतींत एक गंमत होते: परवाना अजून बिल्डरच्याच नावावर असतो. तो आधी सोसायटीच्या नावावर करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल.

फाईलमध्ये हे कागद ठेवा: मूळ परवाना आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभेचा ठराव, ठेकेदाराचं अधिकृततेचं पत्र आणि त्याला दिलेली वर्क ऑर्डर, बदलानंतरच्या लिफ्टचा मापांसह आराखडा, भरलेल्या फीची पावती. मशीनचं वजन किंवा जागा बदलणार असेल तर मशीनरूमचा स्लॅब ते पेलेल, असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडा. गव्हर्नर, सेफ्टी गिअर आणि दोर यांची उत्पादकाची प्रमाणपत्रं ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी हातात घ्या; नंतर ती सापडत नाहीत. तिसऱ्या पक्षाचा विमाही चालू हवा.

काम संपल्यावर निरीक्षक येतो, चाचणी घेतो. त्याची मान्यता मिळेपर्यंत लिफ्ट रहिवाशांसाठी सुरू करायची नाही, मग वरच्या मजल्यावरचे कितीही चिडोत. ठेकेदाराच्या हप्त्यांतली शेवटची रक्कम याच कागदाशी बांधा: निरीक्षकाची मान्यता हातात, मगच चेक.