आरपार रस्ता आणि बंद रस्ता (निवासी नियोजन)

वसाहतीचा लेआउट आखताना अंतर्गत रस्ता दोन्ही टोकांना मोठ्या रस्त्यांना जोडायचा, की एका टोकाला संपवायचा, हे आधीच ठरवावे लागते. पहिला आरपार रस्ता. दुसरा बंद रस्ता किंवा कल-डी-सॅक. प्लॉट विकले गेल्यावर हा निर्णय फिरवणे फार अवघड, कारण रस्ता पुढे न्यायचा म्हटले की कुणाचे तरी घर आड येते.

बंद रस्ता मुद्दाम आखण्याची आधुनिक पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. वास्तुविशारद रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर यांनी आखलेल्या लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या उपनगरात असे रस्ते तेव्हाच्या स्थानिक नियमांत बसत नव्हते, म्हणून १९०६ मध्ये स्वतंत्र कायदाच करून घ्यावा लागला. अमेरिकेत नियोजनकार क्लॅरन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी १९२९ मध्ये रॅडबर्न या वसाहतीत मोटारींचा रस्ता एका टोकाला बंद ठेवला, पण घरांमागून बागेत निघणाऱ्या पायवाटा दिल्या. पुढच्या उपनगरांनी बंद टोक तेवढे उचलले आणि पायवाट वगळली. परिणामी पाठीला पाठ लावून असलेल्या घरी जायलाही गाडी काढावी लागू लागली. व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये नव्या वसाहतींचे रस्ते शेजारच्या रस्त्यांशी जोडण्याची अटच घातली.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५० ते २७५ मी. लांबीचा बंद रस्ता फक्त निवासी भागात आणि सरळ रस्त्यावरच चालतो. १५० मी. अंतरावर गाडी वळवायला जादा जागा लागते; वळणाची जागा ८१ चौ. मी.पेक्षा आणि तिची कोणतीही बाजू ९ मी.पेक्षा कमी नको. यातली सर्वांत शहाणी अट मात्र चढाची आहे : बंद टोक सुरुवातीपेक्षा उंच हवे. तसे नसेल तर पावसाचे पाणी शेवटच्या घराच्या अंगणात साठते.

सोलापुरात हा प्रश्न भागागणिक बदलतो. पूर्व भागात घरालगतच यंत्रमाग चालतात. सुताची पोती आत आणि चादरी-टॉवेलचे गठ्ठे बाहेर न्यायला टेम्पो लागतो. तिथे बंद गल्ली म्हणजे प्रत्येक फेरीला रिव्हर्सची कसरत, म्हणून आरपार रस्ताच योग्य. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्यामधल्या जुळे सोलापूरसारख्या भागात उलटे घडू शकते. तिथला सरळ आरपार रस्ता सिग्नल चुकवणाऱ्यांचा शॉर्टकट होतो, मग रहिवासी स्पीडब्रेकर मागतात. अशा ठिकाणी आखूड बंद रस्ता बरा : मुले खेळतात, लग्नाचा मांडव पडतो, अनोळखी माणूस लगेच लक्षात येतो.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. घंटागाडी आत गेली की त्याच वाटेने परतते. तोंडाशी एखादा ट्रक उभा असेल तर अग्निशमनाचा बंब बाहेरच अडकतो. जलवाहिनीही रस्त्याबरोबर संपते. रोज पाणी न येणाऱ्या शहरात शेवटच्या घराला दाब कमी मिळणे ही किरकोळ तक्रार नव्हे. वाहिनी पुढच्या गल्लीतल्या वाहिनीला जोडून वळसा पूर्ण केला, तर पाणी दोन्ही बाजूंनी येते आणि टोकाला गाळ साचणे कमी होते. त्यासाठी टोकाशी अरुंद का होईना, सार्वजनिक पट्टी राखावी लागते. तीच पट्टी पायवाट आणि सायकलवाट म्हणून वापरता येते. वाहनांना बंद आणि माणसांना आरपार, ही रचना बहुतेक वसाहतींना मानवेल.

हद्दवाढ भागातले पुष्कळसे बंद रस्ते मात्र कुणी ठरवून केलेले नाहीत. जमिनीच्या एका गटाचा लेआउट झाला, शेजारच्या गटात शेती राहिली आणि रस्ता बांधापाशी थांबला. गुंठेवारीने, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे विकून, पडलेल्या वस्त्यांत तर वळणाची जागाही सुटलेली नसते. शेजारचा लेआउट मंजूर होताना रस्त्याला रस्ता जुळवून घेणे हाच यावर स्वस्त उपाय, पण तोवर त्या टोकाशी गाड्या लागू लागलेल्या असतात, क्वचित छोटे देऊळही उभे राहिलेले असते. मग टोकाची भिंत पाडून रस्ता पुढे न्यायला पहिली हरकत त्याच गल्लीतून येते.