बांध, गावकी, सोसायटी

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वाशीत एक चक्कर मारा. जवळपास प्रत्येक इमारतीच्या स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतील. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची मुदत ३० सप्टेंबर, आणि आपल्याकडे शेवटचा आठवडा उजाडल्याशिवाय कोणी हलत नाही. गणपतीच्या मखराची फ्रेम अजून मीटर रूमला टेकून उभी असते. कोरम भरत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होणार, हे नोटिशीतच छापलेलं असतं. चहा येईपर्यंत बाथरूमच्या गळतीवरून दोन मजल्यांचं जुंपलेलं असतं.

अशा एका समितीत मी तीन वर्षं सचिव होतो. थकबाकीदारांच्या याद्या करताना आणि इतिवृत्त लिहिताना कायम वाटायचं की हे सगळं १९६० च्या सहकार कायद्याने आपल्या गळ्यात मारलेलं लचांड आहे. पण नवी मुंबईपुरतं बोलायचं तर याची मुळं शोधायला खाडीपर्यंत मागे जावं लागतं.

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरची दिवा, ऐरोली, घणसोली, जुहू, वाशी, सानपाडा, सारसोळे, करावे, दिवाळे ही गावं प्रामुख्याने आगरी आणि कोळी वस्तीची. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. मीठ पिकवायचं आणि खारजमिनीत भात लावायचं, दोन्ही खाडीच्या मर्जीवर. भरतीचं पाणी अडवण्यासाठी माती-दगडाचा बांध घालायचा आणि त्यात एक उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी त्याला ढकलून खाडीत जातं. माणसाने रात्री उठून दार लावायला नको, काढायला नको. पण बांधाची राखण मात्र माणसालाच करावी लागते, कारण खेकडे बिळं करतात, उंदीर पोखरतात आणि श्रावण-भाद्रपदातलं उधाण नेमकं तिथेच घुसतं.

बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की ती कोणाच्या शेतासमोर पडली याला अर्थ नसतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की सगळ्यांचीच जमीन दोन-तीन वर्षं कामातून जाते. म्हणून खांड भरायला प्रत्येक घरातून माणूस जायचा. पेण-अलिबागकडे या सामूहिक श्रमाला ‘जोळ’ म्हणतात. त्याच पट्ट्यात ‘शिलोत्री’ नावाची जमीनधारणाच होती: बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवणारा आणि बांध राखणारा शिलोत्रदार, आणि त्यासाठी शेतकऱ्यांनी त्याला द्यायचा धान्याचा वाटा. आजच्या भाषेत मेंटेनन्सच की! पुढे मुंबई राज्यात १९४८ मध्ये आणि महाराष्ट्रात १९७९ मध्ये खारजमिनींसाठी कायदे झाले, सरकारी खातं उभं राहिलं, आणि बांध राखणं हळूहळू गावाचं काम न राहता खात्याचं काम झालं. तेव्हापासून बांध किती फुटले, यावर पेणकडच्या माणसाशी बोलायला बसलात तर संध्याकाळ जाते.

बांधाचं, देवळाचं, जत्रेचं, मासेमारीच्या जागांचं ठरवायची ती गावकी. बैठक बहुतेक हनुमानाच्या किंवा गावदेवीच्या देवळात. घरटी वर्गणी, नारळी पुनवेला खाडीत सोडायचा सोन्याचा नारळ, चैत्रात गावदेवीची पालखी, कोणाच्या हळदीला गावाची किती भांडी द्यायची, सगळं तिथेच. मात्र गावकीबद्दल गहिवरून लिहिण्याची अलीकडे जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. बैठकीत बाईला जागा नसे आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकण्याचं हत्यार गावकीच्या हाती असे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यामागे कोकणातली, विशेषतः रायगडमधली प्रकरणं होती. लग्नात धवला, म्हणजे लग्नगीतं, गाऊन सगळा विधी पुढे नेणारी धवलारीण बाईच, पण गावाचा निर्णय घेताना तिचं मत कोणी विचारत नसे.

मग सिडको आली, म्हणजे नवं शहर वसवण्यासाठी राज्य सरकारने काढलेली कंपनी. मुंबईच्या समोर खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. नकाशावर शहर नोडमध्ये, म्हणजे मोठ्या विभागांत, आणि नोड सेक्टरमध्ये विभागला गेला. गावठाणं नकाशात राहिली, भोवतालची शेती आणि मिठागरं गेली. ज्या बांधामुळे गावकीला काम होतं तो बांधच उरला नाही.

गावकी मात्र उरली, आणि तिला नवं काम मिळालं: जमिनीच्या मोबदल्याचं. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या बैठका एका आंदोलनाला जोडल्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व पुढे आलं आणि १९९० मध्ये ती योजना लागू झाली. साडेबारा टक्के हा आकडा इथे आजही विशेषनामासारखा वापरतात. ‘त्याची साडेबारा टक्क्यातली बिल्डिंग आहे’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. भूखंड मिळेपर्यंत कुटुंबं वाढली आणि गावठाणालगत घरं उठली. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. ती नियमित करण्याचा प्रश्न कित्येक निवडणुका पुरून उरला. याच जाळ्याची ताकद १० जून २०२१ च्या मानवी साखळीत आणि २४ जूनच्या सिडको घेरावात दिसली. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या, ही मागणी होती. २४ जून हा त्यांचा स्मृतिदिन.

इकडे सेक्टरांत वेगळीच माणसं राहायला आली होती. वाशीचा खाडीपूल १९७३ च्या सुमारास सुरू झाला, पण लोकल वाशीपर्यंत यायला मे १९९२ उजाडला. मधली जवळपास वीस वर्षं बसवर, आणि बस चुकली तर नशिबावर. त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी इथल्या नव्या पिढीला सांगितली तर खोटी वाटते: या शहराला तेव्हा नगरसेवकच नव्हता. सिडको ही कंपनी. ती जागा विकायची, रस्ते आणि दिवे सांभाळायची, त्याचे सर्व्हिस चार्जेस घ्यायची. पण तक्रार घेऊन जायचं ते अधिकाऱ्याकडे, निवडून दिलेल्या माणसाकडे नाही. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कामाला लागली आणि पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. म्हणजे वाशीतल्या अगदी पहिल्या रहिवाशांनी वीसेक वर्षं मतदान केलं ते आमदार-खासदारांसाठी. गटाराच्या झाकणासाठी मत द्यायची सोयच नव्हती.

ती पोकळी सेक्टरवार रहिवासी संघांनी भरली. पाण्याची वेळ, बसचा थांबा, दूध केंद्र, मुलांसाठी मैदान, पोलीस चौकी यांसाठी दोन-चार निवृत्त सरकारी नोकर आणि एखादा टायपिंग येणारा बँकवाला असला की संघ तयार. सेक्टरला नाव नसल्यामुळे संघाच्या नावातही आकडाच. गणेशोत्सव मंडळांचंही तेच. मुंबईत ‘अमुक गल्लीचा राजा’ असतो, आमच्याकडे तो सेक्टर नऊचा असतो.

घरांच्या व्यवस्थेतही एक गाठ होती. सिडकोने बांधलेल्या अनेक वसाहतींत सहकारी सोसायट्या न होता १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली ओनर्स असोसिएशन झाल्या. लोक त्यांना काँडोमिनियम म्हणतात. सोसायटीकडे थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याची उपविधीतली तरतूद आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला, अशी दोन दणकट हत्यारं होती. असोसिएशनच्या हाती बराच काळ विनंतीपत्रं. वाशीतल्या सेक्टर ९ आणि १० मधल्या सिडकोच्या ‘जेएन टाईप’ नमुन्याच्या इमारतींचे स्लॅब ढासळू लागले, तेव्हा हा फरक फार महागात पडला. दुरुस्तीला पैसे कोणी आणि किती द्यायचे, पुनर्बांधणीला सगळ्यांची संमती हवी की बहुमत चालेल, यात वर्षं गेली. जमीन भाडेपट्ट्याची, ६० वर्षांची, हा आणखी एक पेच.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी शेजार आराखड्यातच बसवण्याचा प्रयत्न केला. १९८० च्या दशकातली ही वसाहत. सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती, अशी तीन अंगणं एका मोठ्या चौकाभोवती, आणि घराची भिंत शेजाऱ्याला न चिकटवता प्रत्येकाला वाढवायला मोकळीक. लोकांनी ती मोकळीक मनसोक्त वापरली, इतकी की मूळ घर आता शोधावं लागतं. पण घरं पाडून तिमजली बांधणाऱ्यांनीही मधलं अंगण बहुतेक ठिकाणी शाबूत ठेवलं. तुळस, दोन स्कूटर, एक सार्वजनिक दोरी. आर्किटेक्चरचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात आणि दोरीवरच्या कपड्यांखालून वाकून जातात.

कोपरखैरणे आणि घणसोलीत तिसरीच तऱ्हा. मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आले, कांदा-बटाटा आधी, भाजी-फळं १९९६ च्या सुमारास. बाजारापाठोपाठ माथाडी कामगार आले, बरेचसे सातारा-सांगलीकडचे. यांची संघटना दुहेरी. एक इथल्या सोसायटीची, आणि एक गावाकडची: पाटण किंवा जावळीतल्या एखाद्या गावाचं ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. इथल्या मंडळाच्या वर्गणीतून गावच्या देवळाचा कळस होतो. सोसायटीच्या मीटिंगला न येणारा माणूस गावच्या मंडळाच्या मीटिंगला कधी चुकत नाही, हा माझा पक्का अनुभव.

आता पुन्हा पाण्याकडे. सिडकोने सखल जमिनीवर शहर वसवताना खाडी आणि वस्ती यांच्यामध्ये धारण तलाव खोदले, होल्डिंग पाँड. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी झडपा बसवलेल्या असतात. भरतीला त्या मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. तंत्र डच पद्धतीचं म्हणून सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण दिवाळ्यातल्या किंवा सारसोळेतल्या म्हाताऱ्या माणसाला ती झडप दाखवली तर त्याला ती उघाडीच वाटेल. वाशीत लोक ज्याला मिनी सी-शोअर म्हणतात तो फेरफटक्याचा रस्ता याच व्यवस्थेच्या कडेने जातो. कणीस खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की आपण बांधावर उभे आहोत?

तलाव गाळाने भरतात. गाळ साचला की कांदळवन उगवतं. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली आहे, आणि ती योग्यच होती, कारण त्याआधी डेब्रिज टाकून खाडी बुजवण्याचा धंदा राजरोस चालायचा. पण त्यामुळे गाळ काढायचा प्रश्न परवानग्यांत अडकला. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तलावाला पोटच उरत नाही आणि पाणी सेक्टरांत थांबतं. कोळ्यांचीही अडचण आहे: खाडीत गाळ आणि रासायनिक सांडपाणी वाढलं, जिताडा, बोय, निवट्या कमी झाल्या. दुसरीकडे त्याच चिखलावर फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीतल्या अभयारण्याची घोषणा २०१५ ची, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा २०२२ चा. फ्लेमिंगो उतरतात त्या नेरूळच्या डीपीएस तलावाचं भरतीचं पाणी अडल्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या लोकांनी फोटो, पत्रं, मानवी साखळ्या असा सगळा सपाटा लावला. खाडीचं पाणी बाहेर ठेवायला एकत्र येणाऱ्यांच्या गावात आता पाणी आत येऊ द्या म्हणून लोक एकत्र येत होते.

२०२० च्या मे महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. म्हणजे पुन्हा १९९५ च्या आधीसारखं: तक्रार अधिकाऱ्याकडे. कोविडमध्ये किराणा, ऑक्सिजन, लसीकरणाच्या रांगा यांचं नियोजन वॉर्डाऐवजी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालं. जुने सेक्टर संघ, ज्यांचे लेटरहेड पिवळे पडले होते, ते परत जागे झाले. अध्यक्ष बहुतेक ठिकाणी तेच, फक्त आता काठी घेऊन येणारे.

माझ्या सचिवपदाच्या शेवटच्या वर्षी आमच्या सभेत एक ठराव आला: जवळच्या धारण तलावाचा गाळ काढावा यासाठी शेजारच्या सोसायट्यांबरोबर पालिकेला संयुक्त पत्र द्यावं आणि झेरॉक्स, प्रवास वगैरे खर्चाला घरटी शंभर रुपये काढावेत. मांडणारे तळमजल्यावरचे, ज्यांच्या फ्रिजखाली त्या जुलैत पाणी आलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या सभासदाने विचारलं, आमचा काय संबंध? त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की लिफ्टचा खड्डा आणि पाण्याचे पंप दोन्ही तळमजल्यावरच आहेत. ठराव बहुमताने मंजूर झाला. शंभरपैकी एकशेऐंशी रुपये थकबाकी कशी झाली, हे मात्र पुढच्या वर्षीच्या सभेत मला समजावून सांगावं लागलं: दोन फ्लॅटवाल्या एका सभासदाने वीसच रुपये दिले होते, आणि तो चौथ्या मजल्यावरचाच होता.