मरळ सुटते ती गाठीपाशी

गळ टाकायची हौस लागली की पहिली चूक दुकानातच होते. आधी काठी आवडते, मग रीळ घेतलं जातं आणि दोरा उरलेल्या पैशांत बसवला जातो. खरं तर मासा धरून ठेवतो तो दोरा. म्हणून आधी पाणी बघावं. पाण्यावरून दोरा ठरतो, दोऱ्यावरून गाठ, आणि काठी सगळ्यात शेवटी.

बाजारातलं बरंचसं सामान ‘बास’ या उत्तर अमेरिकेतल्या माशासाठी घडवलेलं असतं. नागपूरच्या आसपास त्याच्या जोडीला बसणारा मासा म्हणजे मरळ. दोघंही पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरतात आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर झडप घालतात. रामटेककडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाड्याचे वेल, कमळाची पानं आणि जलपर्णी भरपूर, म्हणजे मरळीला हवं ते सगळं. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे अधूनमधून वर येऊन हवा गिळते. पाण्यावर उमटलेलं ते वर्तुळ दिसलं की तिचा ठावठिकाणा कळतो. तिच्या तोंडाची आतली बाजू टणक असते, दात बारीक नि तीक्ष्ण असतात, आणि गळ लागताच ती सरळ वेलांत घुसते. सामान निवडताना या तीनही गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात.

दोरे मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला आपला नेहमीचा तंगूस, म्हणजे नायलॉन. स्वस्त आणि गाठीला सोपा. पण तो पाणी शोषतो, भिजला की थोडा कमजोर होतो आणि तुटेपर्यंत २० ते ३० टक्के ताणला जातो. लांबवर मरळीने आमिषाचा रबरी बेडूक धरला तर आपल्या झटक्याचा मोठा भाग दोरा ताणण्यातच संपतो आणि गळ टणक तोंडात रुततच नाही. शिवाय ऊन नायलॉनला सोसत नाही. नागपूरचा उन्हाळा गच्चीवर काढलेल्या रिळावर पुढच्या मोसमात भरवसा ठेवू नये.

दुसरा फ्लुरोकार्बन. याची घनता पाण्याच्या पावणेदोन पट, म्हणून तो बुडतो. प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याशी हा अंक जितका जवळ, तितका दोरा कमी दिसतो. दगडावर घासला तरी तो बऱ्यापैकी टिकतो.

तिसरा ब्रेडेड, म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंची वेणी. घनता ०.९७, म्हणून तरंगतो. ताण जेमतेम ४ टक्के. ३० पाऊंडांचा, म्हणजे तेवढा भार पेलणारा, ब्रेडेड साधारण ८ पाऊंडांच्या तंगुसाइतका बारीक असतो आणि वेलांचे देठ कापत बाहेर येतो. दाट वनस्पतीत ५० ते ६५ पाऊंडांचा ब्रेडेड थेट रबरी बेडकाला बांधावा, लीडर (मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडलेला वेगळ्या दोऱ्याचा तुकडा) लावूच नये, कारण जोडाची गाठ वेलांत अडकते. मोकळ्या, स्वच्छ पाण्यात मात्र २० ते ३० पाऊंडांचा ब्रेडेड आणि पुढे पाऊण ते एक मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर घ्यावा. आमिष पाण्यावर चालवायचं असेल तर लीडर तंगुसाचा हवा. फ्लुरोकार्बन बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो.

खरी गोम गाठीत आहे. पॉलिथिलीन अत्यंत गुळगुळीत असतं. तंगुसाला चालणारी साधी पिळाची गाठ ब्रेडेडमध्ये घसरत घसरत निसटते. शिवाय ते १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळतं. कोरडी गाठ जोरात आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू तिथेच दुबळे होतात. म्हणून आवळण्यापूर्वी थुंकी किंवा पाणी लावणं अत्यावश्यक आहे.

आमिषासाठी पालोमार गाठ उत्तम. दोरा १५ सेंटिमीटर दुमडा आणि ती दुमड आमिषाच्या कडीतून ओवा. दुपदरी दोऱ्याचीच एक सैल साधी गाठ मारा, फास आमिषाच्या अंगावरून पलीकडे घ्या, ओला करा आणि दोन्ही टोकं एकत्र, सावकाश ओढा. मोठा बेडूक असेल तर दुमडही मोठी घ्यावी. पदर एकमेकांवर चढले असतील तर गाठ कापून पुन्हा बांधा. लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ पुरते: लीडरचे ४-५ वेढे आणि ब्रेडेडचे ७-८. ब्रेडेडचे वेढे कमी पडले की तो घसरतो.

गाठ घरीच तपासता येते. पाण्याची बादली वजन करून घ्या, दोरा लाकडी दांड्याला गुंडाळा (हाताला कधीच नाही, ब्रेडेड बोट चिरतो), डोळ्यांवर चष्मा लावा आणि हळूहळू उचला. सुटलं तर टोक भिंगाखाली पाहा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ घसरली. टोक चपटं आणि चकचकीत असेल तर गाठ कोरडी आवळली गेली. गाठीपासून दूर तंतू पिंजारून तुटले असतील तर दोराच झिजलेला.

रिळावर ब्रेडेडखाली तंगुसाचे काही वेढे घ्यावेत, नाहीतर अख्खा दोरा रिळावर गरगर फिरतो आणि रिळाचा ब्रेक (दोरा किती ओढीला सुटावा ते ठरवणारा) बिघडल्यासारखा वाटतो. ब्रेक बॅगा तोलायच्या स्प्रिंग काट्याने मोजून दोऱ्याच्या ताकदीच्या पावपट ठेवावा. ३० पाऊंडांना साधारण साडेतीन किलो.

काठी सात फुटी, मीडियम-हेवी (मध्यमपेक्षा थोडी कडक), टोकाशीच वाकणारी, १० ते ३० ग्रॅम आमिष पेलणारी असावी. मऊ काठीने रबरी बेडूक दबत नाही आणि त्यात दडलेला गळ उघडा पडत नाही. झडप दिसली की एक-दोन सेकंद थांबून मग झटका द्यावा. मासा जवळ आल्यावर काठी उभी धरू नये, सगळा भार टोकावर येतो आणि ते मोडतं.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथे गळ टाकू नये. राखणीला असलेली मरळ काढली तर थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सोसायटीकडे असेल तिची परवानगी आधी घ्यावी. पेंच व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदी आहे. आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. जूनमध्ये गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून बांधावरून उतरावं, आणि विजेच्या तारांखाली ती कधीच उभी धरू नये.